उरलेल्या भागाचा हिशेब

भागाकाराचे गणित सोडवून झाले की खाली जी संख्या उरते तिला बाकी म्हणतात. ती नीट मांडली नाही, तर वरचे उत्तर कितीही सुबक अक्षरात लिहिलेले असले तरी शिक्षक त्यावर फुली मारतात. प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेला हा नियम मोटारीच्या इंजिनालाही लागू पडतो, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते. उघडलेले इंजिन पुन्हा बांधून झाले, शेवटचा बोल्ट आवळला गेला, हात पुसण्यासाठी कारागिराने परातीतली चिंधी उचलली आणि तिच्याखाली एखादा लहानसा तुकडा चमकताना दिसला, तर त्याच्या पोटात जो गोळा उठतो तो ज्याने अनुभवला आहे त्यालाच माहीत. हा तुकडा कोठला? तो राहिला कसा? आणि आता करायचे काय?

या प्रश्नांना बगल देण्यासाठी गॅरेजांतून एक जुना विनोद सांगितला जातो. ‘कंपनीने दोन-चार नट जास्तच घातलेले असतात,’ असे म्हणून तुकडा भंगाराच्या डब्यात जातो आणि सारे हसतात. विनोद म्हणून तो ठीक आहे. परंतु इंजिनाचा आराखडा करणारा माणूस एकेका ग्रॅमचा आणि एकेका पैशाचा विचार करीत असतो. शोभेसाठी त्याने काही घातलेले नसते. तेव्हा उरलेला तुकडा हातात आला की तो खरोखर उरण्यासारखा होता की नाही, हे ओळखता आले पाहिजे. ही ओळख म्हणजे इंजिनकामातील एक स्वतंत्र विद्याच आहे. ती पुस्तकात थोडी आणि अनुभवात फार सापडते.

या विद्येचे एक मोठे पीठ म्हणजे सुरत शहर. रिंग रोडवरील बाजारांतून कापडाचे गठ्ठे भरून निघणारे ट्रक देशाच्या चारही दिशांना जातात. मुंबईकडे आणि अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग शहराच्या बाजूने जातो, तर नवापूर, धुळे, नागपूर असा पूर्वेकडे जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातून खानदेशात शिरतो. जेथे इतके ट्रक तेथे त्यांची दुरुस्ती करणारे हातही आलेच. त्या हातांमध्ये नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून पोट भरण्यासाठी आलेले मराठी हात पुष्कळ आहेत. उधना, लिंबायत, दिंडोली या वस्त्यांत अहिराणी आणि मराठी बोली सहज कानांवर पडते. या वस्त्यांतला एखादा मुलगा मागाच्या कारखान्यात जातो, तर दुसरा गॅरेजात ‘उस्तादा’च्या हाताखाली पाने पुसण्यापासून सुरुवात करतो.

ज्या इंजिनांवर अशा मुलांच्या पिढ्या शिकल्या, त्यांतले एक टाटांच्या ट्रकचे. जमशेदपूरच्या या कारखान्याने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने ट्रक बांधण्यास आरंभ केला. हा करार १९६९ साली संपला आणि त्यानंतर ट्रकवर केवळ टाटांचे नाव राहिले. पुढे रस्तोरस्ती परिचित झालेले त्यांचे ‘६९७’ इंजिन आपल्या नावातच स्वतःची माहिती देते. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. दट्ट्याची धाव १२८ मिलिमीटर. या तीन आकड्यांचा गुणाकार नीट केला तर इंजिनाचे आकारमान ५,६७५ घनसेंटिमीटर येते. शाळकरी मुलाला वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवावयाचे झाल्यास याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

सहा सिलिंडरांच्या अशा इंजिनाची मोजदाद मोठी उद्बोधक आहे. पिस्टन सहा. प्रत्येक पिस्टनच्या पिनेला दोन्ही बाजूंनी एकेक स्प्रिंगची कडी म्हणजे लॉक, म्हणून लॉक बारा. प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारा एक आणि धूर बाहेर सोडणारा एक असे दोन व्हॉल्व्ह, म्हणून व्हॉल्व्ह बारा. त्यांना उचलणारे पुशरॉड बारा. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्याला स्प्रिंगशी जखडून ठेवणाऱ्या दोन अर्ध्या पाचरी, म्हणून पाचरी चोवीस. क्रँक सात ठिकाणी टेकतो आणि सहा ठिकाणी कनेक्टिंग रॉड पेलतो, म्हणून बेअरिंगच्या अर्धवर्तुळाकार पट्ट्या एकूण सव्वीस. जाणता कारागीर हे आकडे पाढ्यांसारखे पाठ ठेवतो. त्यामुळे एखादी वस्तू उरली की ती कोणत्या कुळातली हे त्याला चटकन कळते. पिनेची एक कडी उरली तर अकराच बसल्या. मग त्या बाजूची पिन चालता चालता बाजूला सरकणार आणि लायनरच्या गुळगुळीत भिंतीवर खोल चरा पाडणार.

तथापि उरलेली प्रत्येक वस्तू म्हणजे चूक असे मानणे हीदेखील घाई होईल. नव्या गास्केटांचा जो संच बाजारातून येतो तो पुष्कळदा एकाहून अधिक नमुन्यांच्या इंजिनांसाठी एकत्र बांधलेला असतो. त्यातले दोन-चार कागद, एखादे रबरी कडे, काही वायसर उरणारच. जुनी बेअरिंगे, जुनी सीले, एकदा वाकवून सरळ केलेल्या खिळी हे सारे बदलून टाकलेले असते, म्हणून तेही उरते. कधी मागच्या दुरुस्तीत कोणी भलत्याच जागी जास्तीचा वायसर दडपलेला असतो आणि या वेळी तो योग्य रीतीने गाळला जातो. म्हणून पहिला प्रश्न असा की, उरलेली वस्तू जुनी की नवी? जुनी असेल तर तिच्या जागी नवी बसली आहे काय? नवी असेल तर तिच्या जोडीची जुनी कोठे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे ढीग आपोआप बाजूला पडतात.

याची दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे. कधीकधी परात स्वच्छ असते, काहीही उरलेले नसते आणि तरीही चूक झालेली असते. इंधनाचा फवारा सोडणाऱ्या नोझलखाली तांब्याचा एक पातळ वायसर असतो. सहा नोझल, सहा वायसर. हेड उघडल्यावर जुने सहा वायसर बाहेर यायला हवेत. पण काजळीने घट्ट चिकटलेला एखादा वायसर भोकाच्या तळाशीच राहतो आणि त्याच्यावर नवा बसतो. नवे सहाच्या सहा वापरले गेले, म्हणून कोणालाही शंका येत नाही. मात्र त्या एका सिलिंडरात नोझल वायसरच्या जाडीइतके वर राहते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि महिन्याभरात ट्रक काळा धूर ओकू लागतो. ज्याने टाकाऊ ढिगातील जुने वायसर मोजले, त्याला ते पाचच भरले असते आणि चूक तेथल्या तेथे सापडली असती. जे उरावयास हवे ते उरले आहे की नाही, हेही पाहावे लागते ते यासाठी.

आणखी एक फसवी गोष्ट बोल्टांची. समजा, शेवटी एक लांब बोल्ट उरला आणि इंजिनावर एक भोक रिकामे दिसले, पण त्या भोकाला हा बोल्ट लांब पडतो. नवशिका मनुष्य दुसरा आखूड बोल्ट शोधून तेथे लावतो आणि मोकळा होतो. परंतु सदऱ्याची वरची गुंडी चुकीच्या काजात गेली की खाली एक गुंडी आणि वर एक काज उरते. चूक खाली दिसते, घडलेली असते वर. येथेही तसेच. लांब बोल्टाच्या जागी कोठेतरी आखूड बोल्ट बसला आहे आणि तो दोन-तीनच आट्यांवर तग धरून आहे. याच्या उलट घडले आणि बंद तळाच्या भोकात लांब बोल्ट शिरला, तर त्याचे टोक तळाला टेकते. वरून पाना आवळला गेल्यासारखा वाटतो, पण झाकण दाबले जात नाही. जोर केला तर ओतीव लोखंडाला तडा जातो. म्हणून उरलेल्या बोल्टाचे घर शोधताना आधीच बसलेल्या बोल्टांचीही झडती घ्यावी लागते.

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबण्याचा परिणाम केवढा होऊ शकतो, याचा एक दाखला विमानाच्या इतिहासात आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. काही वेळातच वैमानिकापुढची काच निखळून बाहेर उडाली आणि कॅप्टन अर्धाअधिक खिडकीबाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरवले, आणि सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत आढळले की, उड्डाणापूर्वी ती काच नव्याने बसवताना वापरलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट किंचित कमी व्यासाचे आणि उरलेले ६ लांबीला आखूड होते. बसवणाऱ्याने यादी पाहण्याऐवजी जुना बोल्ट हातात धरून त्याच्यासारखे दिसणारे बोल्ट निवडले होते. व्यासातला फरक एका मिलिमीटरहूनही कमी होता. जो फरक डोळ्याला दिसत नाही, तो हजारो फूट उंचीवर हवेच्या दाबाला मात्र बरोबर कळतो.

आता पुन्हा सुरतेकडे वळू. २००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात तापीला महापूर आला. उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. घरेदारे, दुकाने, माग, कापडाचे गठ्ठे आणि उभी असलेली वाहने, सगळ्यांत पाणी आणि गाळ भरला. बुडालेले इंजिन हे साध्या झिजलेल्या इंजिनाहून वेगळे प्रकरण असते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. म्हणून सिलिंडरात पाणी असताना कोणी उतावळेपणाने किल्ली फिरवली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याहून घातक गाळ. नदीचा बारीक गाळ वंगणात मिसळतो आणि ब्लॉकच्या पोटात कोरलेल्या तेलाच्या वाटांत जाऊन बसतो. या वाटा साफ करावयाच्या तर त्यांच्या टोकांना बसवलेली लहान लहान बुचे काढावी लागतात. एरवीच्या दुरुस्तीत या बुचांना कित्येकदा हातही लागत नाही.

अशा दिवसांतला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. तो कोणा एका ठरावीक गॅरेजातला नाही, पण त्यातील प्रत्येक पायरी या कामात नित्य घडणारी आहे. महामार्गालगत कडोदऱ्याच्या बाजूला एक पत्र्याची शेड. ओळीने ट्रक उभे. एका ट्रकचे इंजिन पार मोकळे करून धुतले आहे. ते बांधण्यास ज्याने आरंभ केला त्या कारागिराचे घर रांदेरला. घरात गुडघाभर चिखल असल्याचा निरोप येतो आणि तो काम अर्धे टाकून जातो. दुसरा कारागीर पुढचे काम हाती घेतो. दोन दिवसांनी इंजिन तयार होते. मालक सकाळपासून बाकावर बसून आहे, कारण भाड्याचा माल धुळ्याला जावयाचा आहे आणि पुरानंतर हातात आलेले हे पहिले भाडे आहे. तेवढ्यात नंदुरबारकडचा पंधरवड्यापूर्वीच कामाला लागलेला मुलगा परात धुवायला उचलतो आणि तळाच्या तेलात त्याच्या बोटांना काहीतरी लागते.

“उस्ताद, हे राहिलंय,” तो हळूच म्हणतो.

करंगळीच्या पेराएवढा पोलादी तुकडा. बाहेरून आटे, डोके नाही, वरच्या तोंडाला षट्कोनी खाच.

“टाक डब्यात,” दुसरा कारागीर म्हणतो. “दुसऱ्या गाडीचं असेल. स्टार्ट करून बघू, काही असेल तर काटा सांगेल.”

उस्ताद तुकडा हातात घेतो. तो कारागिराला उत्तर देत नाही. चिंधीने पुसण्याआधी तुकडा उजेडात धरतो, कारण पुसला की त्याची साक्ष पुसली जाते.

कोणताही उरलेला भाग आपला पत्ता आपल्या अंगावर वागवीत असतो. ज्याच्यावर कोरडी काजळी, तो धुराच्या वाटेवरचा. ज्याच्यावर गंज आणि पांढुरका क्षार, तो पाण्याच्या वाटेवरचा. ज्याच्यावर तपकिरी, वार्निशासारखा थर, तो गरम तेलात राहिलेला. ज्याच्यावर निळसर झाक, त्याने फार उष्णता सोसलेली. ज्याच्या एका अंगाला आरशासारखी चकाकी, तो कशावर तरी घासत होता, म्हणजे तो हलणारा किंवा हलणाऱ्याचा शेजारी. ज्याच्या डोक्यावर रंग, ते डोके इंजिनाच्या बाहेरून दिसणारे. बोल्ट असेल तर त्याच्या माथ्यावरचे आकडेही बोलतात. ८.८, १०.९ अशा खुणांतला पहिला आकडा त्याची ताणशक्ती सांगतो. आकडा जितका मोठा तितका तो अधिक भार पेलणाऱ्या जागेचा. हेड किंवा कनेक्टिंग रॉड यांच्या कामाचा बोल्ट पत्र्याच्या झाकणाला लागलेला आढळला तर समजावे की कोठेतरी अदलाबदल झाली.

उस्तादाच्या हातातल्या तुकड्याला डोके नव्हते. म्हणजे तो पृष्ठभागाशी सपाट बसावा अशी योजना होती. ज्या अर्थी तो वर डोकावू नये अशी काळजी घेतली होती, त्या अर्थी त्याच्या तोंडापुढे काहीतरी अगदी जवळ बसत किंवा फिरत असणार. त्याच्या एका तोंडावर तपकिरी थर होता. तो पाहून उस्तादाने तुकडा उलटा केला. दुसऱ्या तोंडावरही तोच थर. ना रंग, ना गंज, ना धूळ. ज्याच्या एका बाजूस तेल आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा, त्याची बाहेरची बाजू अशी असत नाही. याच्या दोन्ही बाजू तेलातच राहिल्या होत्या. म्हणजे हा भाग इंजिनाच्या आतला, आणि आत असूनही काहीतरी अडवून धरणारा. आट्यांत नखाने खरवडले तर करडा गाळ निघाला. दुसऱ्या गाडीचा असता तर त्याच्यावर याच पुराचा गाळ असण्याचे कारण नव्हते, कारण त्या दिवशी परातीत याच इंजिनाचे भाग होते.

शेजारी त्याच जातीचे दुसरे इंजिन उघडे पडले होते. उस्तादाने तुकडा घेऊन त्याच्याभोवती एक फेरी घातली. पुढच्या बाजूला, जेथे टायमिंगची दातेरी चाके एकमेकांत गुंतलेली असतात, तेथे ब्लॉकच्या अंगात एक आटेदार भोक होते. त्यात तसेच बूच बसलेले दिसत होते. हातातल्या बुचाचे आटे त्या आट्यांशी जुळले. घर सापडले.

ते घर कसले होते, हे समजून घेतल्याशिवाय या प्रसंगातले गांभीर्य कळणार नाही. इंजिनाच्या तळाशी चेंबरात साठलेले तेल पंप वर ओढतो आणि गाळून ब्लॉकच्या लांबीभर कोरलेल्या मुख्य वाटेत दाबाने सोडतो. तेथून ते क्रँकच्या प्रत्येक बेअरिंगला आणि क्रँकमधल्या भोकांवाटे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना पोचते. धातू धातूला न लागता तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, म्हणून इंजिन टिकते. कारखान्यात ही वाट ब्लॉकच्या टोकापासून आरपार कोरतात आणि नंतर टोकांना बुचे बसवतात. पुढचे बूच राहिले तर तेल बेअरिंगांकडे जाण्याऐवजी टायमिंगच्या कोनाड्यात सांडते आणि तेथून पुन्हा चेंबरात पडते. बाहेर एक थेंबही गळत नाही. काठी घालून पाहिले तर तेल पुरेपूर भरते. फक्त जेथे ते हवे तेथे नसते.

“काटा सांगेल खरं,” उस्ताद शेवटी म्हणाला, “पण बेअरिंग खाऊन झाल्यावर सांगेल.”

आणि समजा, काट्याची तारच तुटलेली असती, किंवा दाब थोडाफार दाखवून काट्याने फसवले असते, तर? नवापूर ओलांडल्यावर धुळ्याच्या वाटेवर कोंडाईबारीचा घाट लागतो. भरलेला ट्रक चढणीला लागतो, इंजिनावर भार येतो, कोरडी बेअरिंगे तापतात आणि क्रँकला चिकटतात. वळणावर, रात्रीच्या वेळी, मागे दुसरी वाहने असताना इंजिन जागच्या जागी बंद पडते. त्या वेळी घाटात कोण असते? ज्याने बूच विसरले तो नसतो. चालक आणि क्लीनर असतात. त्यांना या बुचाचे नावही ठाऊक नसते.

उस्तादाने मालकाला बोलावले आणि बूच त्याच्या तळहातावर ठेवले. गाडी आज निघणार नाही, असे स्पष्ट सांगितले. मालक चिडला. चिडण्याचा त्याला हक्कच होता. पुढची पुली काढावयाची, पंखा काढावयाचा, चेंबर मोकळा करावयाचा, टायमिंगचे झाकण उतरवावयाचे, त्याचे नवे गास्केट फाडून टाकावयाचे आणि पुन्हा सारे बसवावयाचे. एक संपूर्ण दिवस आणि गास्केटांचा खर्च. तो खर्च उस्तादाने आपल्या अंगावर घेतला. त्याने दुसऱ्या कारागिराला सर्वांदेखत बोल लावला नाही, कारण चूक दोघांच्या मधल्या जागेत घडली होती. पहिल्याला वाटले पुढचा पाहील, दुसऱ्याला वाटले मागच्याने पाहिलेच असेल. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जे तोंडी राहते तेच बहुधा हरवते.

परंतु या प्रसंगातला खरा निर्णायक क्षण उस्तादाचा नव्हता. तो त्या मुलाचा होता. परात धुताना बूच नालीत ओतून देणे त्याला सहज शक्य होते. मालक तिष्ठत होता, कारागीर दमले होते, आणि नव्या पोराने शेवटच्या घटकेला काम अडवावे हे कोणालाच रुचणारे नव्हते. आपण बोललो तर आपल्यालाच ओरडा बसेल, ही भीती त्याच्या वयाच्या प्रत्येक मुलाला असते, वर्गातही असते. तरी तो बोलला. ज्या ठिकाणी चूक सांगणाऱ्यावर पहिला राग निघतो त्या ठिकाणी चुका कमी होत नाहीत, त्या फक्त सांगितल्या जाईनाशा होतात. म्हणून उस्तादाने त्या दिवशी जे दुसरे काम केले ते इंजिन उघडण्याइतकेच महत्त्वाचे होते. त्याने मुलाला जवळ बोलावले, “चांगलं केलंस, दीकरा,” म्हणाला, आणि झाकण उतरल्यावर ते बूच बसवण्याचा पाना त्याच्याच हातात दिला.

अशी वेळ येऊच नये म्हणून काय करावे, याची उत्तरे साधी आहेत आणि जुनीही आहेत. प्रत्येक सिलिंडरचे सामान वेगळ्या डब्यात ठेवावे. पुशरॉड ओळीने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत खोवावेत. एखाद्या झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतील तर पुठ्ठ्यावर त्या झाकणाची आकृती काढून ज्याचे त्याच्या जागी टोचावेत. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांवरचे जोडीचे क्रमांक पाहूनच त्यांची गाठ घालावी. आता मोबाईल सर्वांच्या खिशात आहे. उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले तर बांधताना स्मरणशक्तीवर भार राहत नाही. इंधनाचा पंप बसवण्यापूर्वी, झाकण लावण्यापूर्वी, हेड आवळण्यापूर्वी असे तीन-चार थांबे ठरवावेत आणि प्रत्येक थांब्यावर मोजणी करावी, कारण झाकणाआधी सापडलेली चूक पाच मिनिटांची असते आणि झाकणानंतरची एका दिवसाची.

शस्त्रक्रियेच्या दालनातही हाच नियम आहे. पोट शिवण्यापूर्वी परिचारिका कापसाच्या घड्या, सुया आणि हत्यारे मोजते आणि आकडा मोठ्याने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणीची यादी जगापुढे ठेवली, तिच्यातही ही मोजणी समाविष्ट आहे. तेथे भीती वस्तू आत राहण्याची, येथे बाहेर राहण्याची. उपाय एकच: मोजावे, मोठ्याने सांगावे, आणि आकडा जुळेपर्यंत झाकू नये. थोर शल्यविशारदालाही या मोजणीतून सूट नाही, आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही.

शुभवर्तमानात एका बाईचा दाखला आहे. तिच्यापाशी दहा नाणी होती, त्यांतले एक हरवले. नऊ हाती आहेत असे म्हणून ती स्वस्थ बसली नाही. तिने दिवा लावला, सगळे घर झाडले, आणि नाणे सापडले तेव्हा शेजारणींना बोलावून आनंद केला. ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने या बाईकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. तिला आपल्याकडे किती आहेत हे माहीत होते, म्हणूनच किती नाहीत हे कळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शेडमध्ये इंजिन सुरू झाले. पहिल्या काही क्षणांत कोणी बोलले नाही. सर्वांचे डोळे तेलाच्या काट्यावर होते. काटा हलला, वर चढला आणि स्थिर राहिला. मालकाने गठ्ठे भरण्यासाठी गाडी बाजाराकडे नेली. आणि शेडच्या भिंतीवरील पाटीवर, जेथे आजवर फक्त उधारीचे आकडे लिहिले जात, तेथे खडूने एक नवी ओळ आली. अक्षर नंदुरबारकडच्या मुलाचे होते: बुचे काढली चार, बसवली चार.